पट्टीवरचा सडा

बापूराव फुलझेलेला त्या दिवशी उडायचंच नव्हतं. पण उडायचं नाही म्हणून कोणाचं काम थांबतं का? फ्लाइंग क्लबाच्या सेक्रेटरीनं आठवडाभर आधी बोलावून सांगितलं, की घुग्घुसच्या वाटेवर चिंचबोडीला कामगार मेळावा आहे, तिथं जुनी धावपट्टी पडून आहे, लोकांना विमानाच्या कसरती दाखवायच्या आहेत, आणि तुम्ही तर तिकडचेच. तिकडचेच! माणूस एकदा तिकडचा ठरला की त्याच्या मानेवर जू ठेवताना कोणाला काही वाटत नाही. बापूराव बरं म्हणाला. हल्ली तो सगळ्यालाच बरं म्हणायचा. नाही म्हणायला अंगात जोर लागतो, आणि तो त्याच्यात उरला नव्हता.

पन्नाशी मागे पडली होती. बायको वारलेली, लेक लग्न होऊन भिलाईला गेलेली. नागपुरात एका खोलीत तो राहायचा, सकाळी उठून क्लबात जायचा, शिकाऊ पोरांना विमान उडवायला शिकवायचा, संध्याकाळी येऊन भात टाकायचा. झालं, एवढाच संसार. विमान सुटलं तर सकाळी उठून कुठं जायचं, हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. आणि ते सुटायच्या बेतात होतं. मागच्या पावसाळ्यात उतरताना त्याचं विमान पट्टी सोडून गवतात शिरलं होतं. फार मोडतोड झाली नाही, पण कमिटीनं त्याला समोर बसवून, चहा पाजून, गोड शब्दांत सांगितलं, की फुलझेले, तुमचा पाय आताशा उशिरा पडतो, आणखी एकदा असं झालं तर परवाना जमा होईल. चहा पाजून सांगितलेल्या गोष्टी जास्त लागतात बुवा. त्या दिवसापासून प्रत्येक वेळी उतरताना त्याला तो चहा आठवायचा.

पायाचं काय ते आधी सांगायला हवं. क्लबाचं ते विमान लहानसं, लाल-पांढरं, वर एक आणि खाली एक असे दुहेरी पंख असलेलं. आभाळात कोलांट्या मारायलाच बनवलेलं. वर असलं की सांगाल ते ऐकायचं, जमिनीवर आलं की मात्र त्याच्यासारखं हट्टी जनावर नाही. त्याचं तिसरं चाक नाकाखाली नसून शेपटीखाली. त्यामुळे जमिनीवर त्याचं नाक वर आणि शेपटी खाली, आणि बसणाऱ्याला समोरचं काही म्हणता काही दिसत नाही. डावीकडची कड बघायची, उजवीकडची कड बघायची आणि मधली वाट अंदाजानं धरायची. शिवाय वजन सगळं मागं. भरलेली हातगाडी उलटी ढकलून पाहा, म्हणजे कळेल. जरा वाकडी झाली की मागची बाजू पुढं यायला बघते. ते होऊ नये म्हणून पायाखालच्या दोन्ही पेडलांवर पाय सारखे नाचते ठेवायचे. एक पाय पळभर उशिरा पडला की विमान गरकन फिरलंच म्हणून समजा.

चिंचबोडी हे त्याच्या मायचं माहेर. बायनाबाई तिचं नाव. नवरा देवराव घुग्घुसच्या खाणीत होता. तो खोकून खोकून गेला, तेव्हा ती माहेरच्या गावी येऊन भाच्याच्या शेजारी घर बांधून राहिली. भाचा म्हणजे देवाजी, बापूरावचा मामेभाऊ, आणि तोच त्या पट्टीचा चौकीदार. बायनाबाईची एक गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. विमानाचा आवाज आला की लेकरं अंगणात धावत, बाया कपाळावर हात धरून वर बघत, आणि ही म्हातारी मान खाली घालून हातात येईल ते काम करायला लागे. तांदूळ निवडत असली तर आणखी जोरात निवडे. तिला वाटे, ते आपल्या बापूचंच असेल, आणि आपण पाहिलं तर पडेल. कोणी चिडवलं तर म्हणे, नवरा जमिनीखाली गेला, लेक आभाळात गेला, जमिनीवर माह्यासोबत राहाले कोणीच नाई. हे ती रडून नाही, भांडल्यासारखी म्हणायची.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी बापूरावनं विमान चिंचबोडीला आणलं. पट्टी कोरडी होती, उतरणं नीट झालं. मेकॅनिक गफ्फार जीपनं मागून आला. चंद्रपूरचा गडी, क्लबात दोघं बरोबरीनं म्हातारे होत आलेले. तोंडानं फटकळ, पण बापूरावसाठी जीव टाकणारा. संध्याकाळी तिघांनी, म्हणजे बापूराव, गफ्फार आणि देवाजीनं, पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी पाहिली. गोटे उचलून कडेला फेकले. बापूरावनं देवाजीला बजावलं, की उद्या पट्टीवर गाय नको, बकरी नको, कुत्रं नको, माणूस तर नकोच. मांडव पट्टीच्या डाव्या कडेला घातला होता. विमान उतरून मांडवासमोर येऊन थांबेल आणि तिथं सत्कार होईल, हेही सांगून झालं. देवाजीनं सगळ्याला मान हलवली. साऱ्या गोष्टी सांगितल्या हो त्यानं, पण जी सांगायची ती सुचलीच नाही. कशी सुचणार? नागपुरात कोणी पट्टीवर सडा घालतं का?

रात्रीच्या जेवणाला मायनं बोडीतले, गावच्या तळ्यातले, झिंगे केले होते. उद्या बघायला ये, असं बापूरावनं तिला सांगितलं. एवढ्या वर्षांत तिनं त्याला उडताना एकदाही पाहिलं नव्हतं, आणि आता किती दिवस उडायला मिळेल याचा भरवसा नाही, असं त्याच्या मनात होतं. ते तो बोलला नाही. येतो, म्हणाली म्हातारी. पण वर पाहीन असं काही ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी माणूस लोटला होता. भद्रावतीहून, घुग्घुसहून ट्रक भरभरून लोक आले होते. कोणी ट्रकच्या टपावर, कोणी मोहाच्या झाडावर. वडशाहून आलेल्या नाटकमंडळीतला एक पेटीवाला मांडवात बसून काहीबाही वाजवत होता. भाषणं लांबली. सकाळचं उड्डाण ऊन डोक्यावर आल्यावर झालं. तोवर बापूराव विमानाच्या पंखाखाली उपाशी बसून होता. उठताना त्याचे गुडघे वाजले. गफ्फारनं पट्टे आवळून दिले आणि, साब, आज दोन कोलांट्या कमी मारल्या तरी कोणी मोजनार नाई, असं कानात सांगितलं.

पण वर गेल्यावर त्यानं कमी केलं नाही. सवयीनं सगळं झालं. विमान सरळ वर नेलं, उलटं केलं, गिरक्या घेत खाली आणलं, पुन्हा वर नेलं. खाली माणसं मुंग्यांएवढी, सगळ्यांची तोंडं वर. एकेकाळी हे करताना त्याला गावंसं वाटायचं. आता फक्त मान दुखत होती, आणि प्रत्येक गिरकीनंतर डोळ्यांपुढचा अंधार जरा जास्त वेळ टिकत होता. त्याला वाटलं, पुरे. मोठ्यानं म्हणालाही. वर ऐकायला कोण होतं!

मग तो उतरायला वळला. वारा नव्हताच. विमान पट्टीच्या रेषेत आलं आणि नाक वर व्हायच्या आधी, समोरचं दिसतं तेवढ्या वेळात, त्याला मांडवापाशी पट्टीवर काळपट डाग दिसला. पट्टीच्या डाव्या अर्ध्या भागावर, चांगला लांबलचक. मांडवाची सावली असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. भर दुपारी एवढी सावली पडत नाही हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पट्टीवर काही नवीन दिसलं तर उतरायचं नाही, इंजिन वाढवायचं आणि पुन्हा एक चक्कर मारून वरून नीट बघायचं, हे तो पोरांना रोज शिकवत होता. एक चक्कर म्हणजे काय मोठं काम! पण ती चक्कर त्याच्यानं होईना. पुन्हा वर जायचं, पुन्हा वळायचं, पुन्हा तेच उतरणं. कंटाळा आला त्याला. उतरू दे एकदाचं, म्हणाला, आणि नाक वर घेतलं. डाग नाकाआड गेला.

चाकं टेकली ती छान टेकली. शेपटी बसली. डावी कड, उजवी कड, पाय नाचते. मांडव जवळ आला तसे त्यानं दोन्ही ब्रेक दाबले. उजव्या चाकानं धरलं. डावं मात्र लोण्यावर ठेवल्यासारखं सुळकन पुढं गेलं. विमानानं उजवीकडे हिसका दिला. त्यानं डावा पाय मारला, पण तोवर शेपटी निघाली होती, आणि एकदा निघालेली शेपटी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. मागचं वजन पुढं यायला धावलं. मांडव, माणसं, मोहाचं झाड, पेटीवाला, सगळं एका झटक्यात डोळ्यांपुढून फिरलं. डावीकडचं चाक खालून मुडपलं, खालचा पंख जमिनीत घुसला, लाकडाचे आणि कापडाचे आवाज झाले, आणि विमान ज्या बाजूनं आलं होतं तिकडे तोंड करून एका कुशीवर बसलं.

इंजिन थांबलं. धूळ खाली बसली. आणि मग लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता बोला! त्यांना वाटलं, हीही कसरतच. बापूराव पट्ट्यांत अडकून तिरपा बसला होता, पेट्रोलचा वास येत होता, तोंडात माती गेली होती, आणि चहूकडून टाळ्या, शिट्ट्या. गफ्फार शिव्या देत धावत आला, त्यानं बटणं बंद केली आणि त्याला काखेत हात घालून ओढून काढलं. कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं. बापूराव खाली उभा राहिला तर त्याचा बूट घसरला. त्यानं खाली पाहिलं. पट्टीवर हिरवंगार, ओलं शेण सारवल्यागत पसरलं होतं, आणि त्यावर कोणीतरी पांढऱ्या रांगोळीचं कमळ काढलं होतं. त्यातल्या अर्ध्या पाकळ्या त्याच्या चाकानं पुसल्या होत्या.

गर्दीत माय उभी होती. तिच्या हातात बादली होती. त्या वेळी त्याच्या डोक्यात काही आलं नाही. माणसाच्या हातात बादली असते, असू द्यावी.

लोक पांगल्यावर गफ्फारनं मुडपलेलं चाक पाहिलं. ब्रेकाच्या खोबणीत शेण बसलं होतं. त्यानं ते खरवडून कागदात बांधलं आणि बापूरावपुढे धरलं.

"साब, हे शेण नाई, तुमचं लायसन होय," तो म्हणाला. "सांभाळून ठेवा."

खरंच होतं त्याचं. पट्टीवर शेणाचा सडा घातला होता, विमान त्यावर घसरलं, यात वैमानिकाचा काय दोष? चौकीदारानं लक्ष ठेवायला हवं होतं. सेक्रेटरीशी चंद्रपूरहून फोनवर बोलणं झालं तर तोही खूश झाला. म्हणाला, हेच सांगा, दुसरं काही बोलू नका, मुंबईचा तपासणी अधिकारी परवा येईल. बापूराव बरं म्हणाला. देवाजीची चौकीदारी जाईल हे त्याला कळत होतं. पण देवाजीला शेत आहे, त्याचं काही अडणार नाही, असंही त्यानं मनाशी ठरवून टाकलं. थकलेला माणूस दुसऱ्याचं नुकसान फार लवकर पोटात घालतो.

संध्याकाळी मायनं ताट वाढलं. तो जेवता जेवता बोलायला लागला. देवाजीची अक्कल कुठं गेली होती, भर पट्टीवर सडा घालू दिला, ते शेण नसतं तर चाक घसरलंच नसतं, असं काहीबाही चिडून बोलत राहिला. म्हातारीनं पळी खाली ठेवली.

"देवाजीनं नाई," ती म्हणाली. "सडा म्या घातला."

मग तिनं सगळं सांगितलं. शेजारची अंजनाबाई विमानासमोर फोडायला नारळ घेऊन आली होती. बायनाबाईनं तिला परत पाठवलं. बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून आपण नारळ-बिरळ फोडत नाही, ते ठीक. पण लेक पहिल्यांदा गावात विमान घेऊन आला, तो जिथं येऊन थांबणार ती जागा अशी उघडी-बोडकी कशी ठेवायची? पाहुण्याच्या वाटेवर सडा नको? मांडवापुढे घालायला तिनं शेण आणून ठेवलंच होतं. विमान वर गेलं, सगळे वर बघायला लागले, देवाजीही तोंड उघडं टाकून वर बघत होता. तिला वर बघवेना. आवाज ऐकवेना. म्हणून मग ती आणि देवाजीची पोरगी मंगली बादल्या घेऊन पट्टीवर गेल्या. तो वर उलटा होत होता तोवर ती खाली मान घालून सडा घालत होती. अर्ध्या पट्टीत शेण संपलं. रांगोळी मंगलीनं काढली.

"त्यानंच घसरलं का रे?" तिनं विचारलं.

झोप आता, एवढंच बापूराव म्हणाला. नाही म्हणणं सोपं होतं, पण तेवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही.

सकाळी तो दारात आला तर अंगण कोरडं. त्याला आठवतं तेव्हापासून, घुग्घुसच्या कोळशाच्या धुळीतही, मायचं अंगण सकाळी कोरडं कधी राहिलं नव्हतं. नवरा गेला त्या दिवसांतले काही सोडले तर. ती ओट्यावर बसून होती, हात मांडीत. दुसऱ्या सकाळीही तसंच. चूल पेटवायची, ताट वाढायची, पण शेणाला हात लावत नव्हती. देवाजीच्या बायकोनं अंगण सारवू का म्हणून विचारलं तर नको म्हणाली. बापूराव ते कोरडं अंगण बघत बसला. त्याला एकच गोष्ट डोक्यातून जाईना. तिनं वर पाहिलं नव्हतं, म्हणून तिला काही कळलं नाही. आपण तर खाली पाहिलं होतं. डाग दिसला होता. हे कोणालाच ठाऊक नव्हतं, गफ्फारलासुद्धा नाही. आणि तरी त्यानं ठरवलं, की आता जे चाललं आहे ते चालू द्यावं. परवाना राहील, देवाजीचं बघू काही तरी, आणि माय म्हातारी आहे, विसरेल. स्वतःची चीड आली त्याला, पण चिडायलाही जोर लागतो.

अधिकारी आला तो सज्जन होता, घाईत होता. मोडलेल्या विमानाला दोन फेऱ्या घातल्या, वाळलेला सडा पायानं उकरून पाहिला, गफ्फारचा कागद उघडून वास घेतला. मग मोहाखाली टेबल टाकून बसला. देवाजी लांब उभा होता, चेहरा पडलेला, फेट्याचं टोक चावत. अधिकाऱ्यानं बापूरावला इंग्रजीत सांगितलं, की चित्र स्पष्ट आहे, पट्टी निसरडी केली गेली होती, तुमची फार चूक दिसत नाही, दोन-चार ओळी लिहून सही केली की झालं. गफ्फारनं सुटकेचा श्वास टाकला. बापूरावनं पेन हातात घेतलं.

तेवढ्यात बायनाबाई पुढं आली. कोणी बोलावलं नव्हतं. धुतलेलं लुगडं नेसली होती, डोक्यावर पदर. टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"साहेब, सडा म्या घातला," ती म्हणाली. "देवाजीले ठाऊक नोतं. पोराचा पाय बरोबर पडला. माहं नाव लिहा."

ही कोण, असं अधिकाऱ्यानं विचारलं. माझी माय, बापूराव म्हणाला. अधिकारी जरा अवघडला. म्हातारीला खुर्ची द्या म्हणाला. ती बसली नाही. तिला वाटत होतं, इथं उभंच राहायचं असतं, आरोपीनं. आपल्या मायला असं उभं बापूरावला पाहवलं नाही. दोन दिवस जे गिळून बसला होता ते वर आलं. त्यानं पेन खाली ठेवलं, आणि इंग्रजी सोडून मराठीत बोलला, तिला कळावं म्हणून.

"सडा होता, साहेब. पण तिनं वर पाहिलं नव्हतं. मी खाली पाहिलं होतं."

मग त्यानं सांगून टाकलं. वरून डाग दिसला होता. ती सावली नाही हे कळलं होतं. एक चक्कर मारली असती, नीट पाहिलं असतं, तर पट्टीच्या दुसऱ्या टोकाला उतरता आलं असतं, जागा होती. चक्कर मारली नाही. गफ्फार मध्येच साब, साब करायला लागला, त्याला त्यानं हातानं गप्प केलं. अधिकाऱ्यानं कागद आपल्याकडे ओढला. मग मराठीतच म्हणाला, की हे असंच लिहिलं तर पुढं काय होईल हे तुम्हाला मी सांगायला नको, पुन्हा विचार करा. चक्कर का मारली नाही, तेवढं तरी सांगा, काही कारण असेल.

"थकलो होतो," बापूराव म्हणाला. "तेवढंच लिहा."

अधिकाऱ्यानं तेवढंच लिहिलं. गफ्फारनं शेणाची पुडी उचलली आणि पट्टीच्या कडेला भिरकावली.

मायलेक बोडीच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, घरी निघाले. उन्हं उतरली होती. बोडीत पाणी थोडं, कडेनं बगळे. म्हातारी पुढं, बापूराव मागं. पाळीच्या मध्यावर ती थांबली आणि एका दगडावर बसली.

डाग खरंच दिसला होता का, तिनं विचारलं. तो हो म्हणाला. मग काऊन उतरला? तो म्हणाला, कंटाळा आला होता, माय. यावर ती रागावेल असं त्याला वाटलं. इतकी वर्षं मान खाली घालून जी बाई जीव मुठीत धरून बसली, तिला लेकानं सांगावं की कंटाळा आला होता! पण ती रागावली नाही.

"कंटाळा तर येतेच," ती म्हणाली. "तुह्या बापालेबी येत जाय. खाणीत उतराच्या वख्ती दारात बसून राहे."

आता परवाना जाईल, हे त्यानं तिला सांगितलं. म्हणजे आता उडायचं नाही? नाही. कधीच? कधीच नाही. तिनं मान हलवली. वाईट वाटलं असं ती म्हणाली नाही, बरं झालं असंही म्हणाली नाही. पदरानं तोंड पुसलं. हात कपाळाशी धरला, डोळे बारीक केले, आणि हळूहळू, मानेत कळ आल्यासारखी, ती वर बघायला लागली.

वर काही नव्हतं. एक घार होती, तीही फार उंच. बाकी सगळं मोकळं, घुग्घुसच्या धुराच्या पट्ट्यापासून पार वैनगंगेच्या अंगापर्यंत. म्हातारी इकडून तिकडं मान फिरवत पाहत राहिली. नव्या घरात गेलेली बाई भिंती, आढं, कोपरे बघते, तशी ती एकेक बाजू बघत होती. तिचं तोंड जरा उघडं राहिलं होतं.

"किती मोठं होय रे हे," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, वरची नजर न काढता, तिनं विचारलं, "एवढ्या मोठ्यात तू एकटाच राहे का बापू?"

बापूराव हो म्हणाला. इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि तो तिच्याशेजारी पाळीवरच बसला.